मुलींनी माहिती कोठून घ्यावी?



चिटणीसबाईंनी मला मुलींच्या अभ्यासाविषयी बोलावयास सांगितले. विषय मोठा आहे. मी त्यातील एका चुकीपुरतेच बोलणार आहे, आणि ती चूक माझीच आहे.

मी इतिहास शिकवीत असताना एका मुलीने शिवाजी महाराजांचे जन्मसाल १६३० असे लिहिले. माझ्या जुन्या टिपणवहीत १६२७ होते. मी तिचा गुण कापला. दुसऱ्या दिवशी येऊन तिने एवढेच विचारले, "बाई, तुमचे साल कोणी लिहिले?" मला उत्तर देता येईना. त्या दिवशी हातकणंगले स्टेशनपर्यंतचा रस्ता फार लांब वाटला.

मग मी शोधू लागले. १६२७, म्हणजे शके १५४९, हे साल उत्तरकालीन बखरींतले. त्यांतील मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. महाराजांचे निधन १६८० सालचे. मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे गेलेली! उलट कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्याने एक शकावली जपून ठेवली होती. कोणत्या तिथीला काय घडले याची ती कोरडी यादी. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी ती प्रसिद्ध केली. तीत महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा दिला आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पण टिळकांनी छापले एवढ्यावर का विसंबावे? महाराजांच्या आश्रयास असलेल्या कवींद्र परमानंदाच्या संस्कृत 'शिवभारता'तही तीच तिथी आहे. एक देशमुखांच्या घरचे टिपण, दुसरे दरबारातले काव्य. अशा दोन वेगळ्या घरच्या साक्षी जुळल्या, तेव्हा माझी टिपणवही मी मिटली.

आता मुली मोबाईलवर शोधतात. मोबाईलला नावे ठेवण्यात अर्थ नाही. माझी चूक झाली ती हाताने लिहिलेल्या वहीतून. परवा शेजारची एक मुलगी म्हणाली, "आजी, दहा ठिकाणी हेच लिहिलंय." मी दहाही ठिकाणे उघडून पाहिली. दहाही ठिकाणी एका गावाचे नाव सारखेच चुकलेले! विहीर एकच, घागरी दहा. तेव्हा मुलीला एवढेच विचारावे: हे कोणी लिहिले? घटनेनंतर किती वर्षांनी? आणि ज्याने याचे पाहून लिहिले नाही, असा दुसरा कोणी तेच सांगतो का? हे विचारावयास आईला इंग्रजी यावे लागत नाही, की मोडीही वाचता यावी लागत नाही.

त्या मुलीचा गुण मी भर वर्गात परत दिला आणि तिची क्षमा मागितली. पुढे वर्षभर तासाला कोणीतरी हात वर करून विचारीच, "बाई, हे कोणी लिहिले?" त्या वर्षी माझे दोन धडे शिकवावयाचे राहिले.