लोहमार्ग : कंपनीकडून राष्ट्राकडे



शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील शेजारी तालुके. दोहोंच्या पाठीशी सह्याद्री उभा आहे. मात्र शहापुरातून आगगाडी धावते आणि मुरबाड अद्याप लोहमार्गाविना आहे. या अंतराचे मूळ दीडशे वर्षांहून जुन्या निर्णयांत सापडते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ मध्ये स्थापन झाली. तिच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. नफा भागधारकांचा आणि तुटीचा भार येथील करदात्यावर, अशी ती व्यवस्था होती. देशावरील कापूस मुंबई बंदरात आणणे हा प्रमुख हेतू होता. सह्याद्री ओलांडण्यासाठी आरंभी माळशेज घाटाचा विचार झाला होता. तो टिकता, तर गाडी मुरबाड तालुक्यातून गेली असती. परंतु मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या पाहणीनंतर थळ व बोर घाट निश्चित झाले. गाडी १८५५ मध्ये वासिंदला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचली. या घाटात ३७ फुटांस एक फूट चढ आहे.

१९२५ मध्ये सरकारने या रेल्वेचा कारभार हाती घेतला आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात आली. मालकी राष्ट्राची झाली, की मार्गापासून वंचित कोण राहिले, या प्रश्नाचे उत्तर शासनाला द्यावे लागते. आसनगाव, आटगाव, खर्डी येथील विद्यार्थी व नोकरदार लोकलने कल्याण-मुंबईस जातात. मुरबाडकरांना मात्र आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते.

कल्याण-मुरबाड हा सुमारे २८ किलोमीटरचा नवा मार्ग आता मंजूर झाला असून, निम्मा खर्च उचलण्यास राज्य शासनाने संमती दर्शविली आहे. तथापि रूळ पडतात ते शेतकऱ्याच्या जमिनीवर. वारसनोंदी अपुऱ्या असतील, तर मोबदला अडतो आणि प्रकल्पही रेंगाळतो. म्हणून सातबारा अद्ययावत करून घेणे, मोजणीची सूचना प्रत्येक खातेदारापर्यंत पोहोचविणे आणि निरक्षर खातेदारास कागद वाचून दाखविणे, ही कामे तलाठी, शिक्षक व पंचायत सदस्यांनी आजच हाती घ्यावयास हवीत. ज्याची जमीन जाईल, त्याला त्याचा हक्क वेळेवर मिळाला, तरच हा लोहमार्ग खऱ्या अर्थाने जनतेचा ठरेल.