ऐका, म्हणा आणि पडताळून पाहा
(नरडाणा येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या आजा-पणज्यांना अक्षर नाकारले गेले. परंतु त्यांचे कान कोणाला बंद करता आले नाहीत. आंबेडकरी जलशांनी निरक्षर माणसाला हक्कांची जाणीव दिली, ती कानांवाटेच. त्याच्याही फार पूर्वी भिक्खूंनी बुद्धवचने शेकडो वर्षे मुखोद्गत राखली. सिंहलद्वीपात ती ग्रंथबद्ध झाली इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. पठण एकत्र होई, म्हणून एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानी येई. ऐकणे, म्हणणे आणि पडताळणे, या तिहींच्या बळावर ती विद्या टिकली.

आज तेच साधन आपल्या खिशात आहे. मोबाईल आवाजाची मापे सेकंदाला हजारो वेळा घेऊन ती अंकांच्या रूपाने साठवितो. 64 किलोबिटांच्या ध्वनिमुद्रणास मिनिटाला सुमारे अर्धा मेगाबाईट जागा लागते. अर्ध्या तासाचा धडा 15 मेगाबाईटांत मावतो. इंटरनेट नसले तरी तो ब्लूटूथने शेजारच्या मोबाईलवर पाठविता येतो.

2020 साली महामारीमुळे शाळा बंद असता आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम ‘प्रथम’ संस्थेच्या सहकार्याने सुरू झाला. ज्या घरी मोठा मोबाईल नाही, त्या घरीही रेडिओवरून धडा पोहोचू शकतो, हे त्यावरून दिसले. परंतु रेडिओ फक्त बोलतो. मुलाचे कोठे चुकले, हे त्याला ऐकू येत नाही. ही उणीव ध्वनिमुद्रणाने भरून निघते. मात्र त्यासाठी मुलाने स्वतः बोलले पाहिजे.

आपल्या खानदेशात याची गरज अधिक आहे. घरी आपण अहिराणी बोलतो. मी लहानपणी वर्गात ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणालो आणि सारा वर्ग हसला. त्यानंतर कित्येक दिवस मी हात वर केला नाही. प्रश्न न विचारणारे मूल मागल्या बाकावर जाते आणि एके दिवशी शाळेबाहेर पडते.

म्हणून एवढेच करा. गुरुजींकडून अथवा शिकलेल्या बहिणीकडून धडा वाचून घेऊन तो मुद्रित करा. मुलाने तो वाक्यावाक्याला थांबवून म्हणावा, स्वतःचा आवाज मुद्रित करावा आणि दोन्ही पडताळून पाहावेत. तेथे हसणारा कोणी नसतो. आईला वाचता येत नसेल, तर तिनेही पुस्तकावर बोट ठेवून मुलाबरोबर ऐकावे. आजीची अहिराणी गोष्ट मुलाने मुद्रित करून ती मराठीत लिहून काढावी. म्हणजे घरची बोली ही लाज नसून शिदोरी आहे, हे त्याला उमगेल. आणि मोबाईल केवळ मुलाच्या हाती देऊ नका. रोज अर्धा तास तो मुलीच्या हाती असलाच पाहिजे. तो तिचा हक्क आहे.

बाबासाहेबांनी 1955 साली बी. बी. सी.ला दिलेली मुलाखत आजही त्यांच्याच आवाजात ऐकावयास मिळते. ती ऐकून केवळ हात जोडू नका. मुलांना अर्थ सांगा, मग विचारा : “बाबासाहेब काय म्हणाले? तुला ते पटते काय? का पटते?” मूल जेव्हा स्वतःच्या शब्दांत उत्तर देईल, तेव्हाच ते शिकले असे समजा.

जय भीम!