बॅटर्सीचे महापौर जॉन आर्चर

थेम्स नदीच्या दक्षिण काठावरचं बॅटर्सी हे एकेकाळी भाजीच्या मळ्यांचं गाव होतं. १८४१ साली इथली वस्ती जेमतेम साडेसहा हजार. मग रेल्वे आली, कारखाने आले, आणि १९०१ पर्यंत वस्ती दीड लाखाच्या वर गेली. १९०० साली लंडनच्या या उपनगराला स्वतःची नगरपालिका मिळाली. १९०३ साली या पालिकेनं लॅचमेअरची कामगार वसाहत ठेकेदाराला न देता स्वतःच्याच मजुरांकडून बांधून घेतली. १९६५ साली ती वॉन्ड्सवर्थमध्ये विलीन झाली.

इथला महापौर नगरसेवक निवडत, तोही वर्षापुरता. गळ्यात साखळी, सभेचं अध्यक्षस्थान, एवढाच मान. प्रत्यक्ष कारभार समित्यांच्या हाती. मग त्या खुर्चीला महत्त्व कसलं? माझ्या मते, गावाचं प्रतिनिधित्व करायला गाव कोणाला उभं करतं, याला महत्त्व असतं.

१० नोव्हेंबर १९१३ रोजी बॅटर्सीनं जॉन आर्चर यांना निवडलं. एका मताचा फरक! आर्चर यांचे वडील बार्बाडोसचे, आई आयरिश, जन्म लिव्हरपूलचा. बॅटर्सीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. निवडणुकीआधी वर्तमानपत्रांना त्यांच्या जन्मगावापेक्षा कातडीच्या रंगाचीच चौकशी अधिक. कोणी त्यांना ब्रह्मदेशातलं ठरवलं. निवडीनंतर त्यांच्या आईबद्दल गलिच्छ पत्रं आली. आर्चर यांनी मात्र पहिल्याच भाषणात सांगून टाकलं, की आजची बातमी जगभरच्या काळ्या माणसांपर्यंत जाईल. ब्रिटनमधले ते पहिले कृष्णवर्णीय महापौर नव्हेत. तो मान १९०४ साली थेटफर्डच्या ॲलन मिन्स यांना मिळाला होता. पण लंडनमधले पहिले आर्चरच.

केवळ रंगामुळे त्यांची आठवण ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. पालिकेच्या कामगाराला आठवड्याला किमान ३२ शिलिंग मजुरी मिळावी म्हणून ते झगडले आणि ती मिळवून दिली. ज्या घरात आठवड्याचा पगार शनिवारपर्यंत पुरत नव्हता, त्या घराला महापौराची साखळी नव्हे, ही मजुरी दिसत होती.

आता आपल्या मुंबईचा धागा. शापुरजी सकलातवाला हे जमशेटजी टाटांचे भाचे, मुंबईत जन्मलेले. प्लेगच्या दिवसांत त्यांनी इथं प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्याबरोबर काम केलं होतं. १९२२ साली हे कम्युनिस्ट पारशी गृहस्थ उत्तर बॅटर्सीतून पार्लमेंटसाठी उभे राहिले. आर्चर यांनी नगरसेवकपद सोडलं, मजूर पक्षाला सकलातवालांच्या पाठिंब्यासाठी राजी केलं आणि त्यांचं निवडणुकीचं काम अंगावर घेतलं. सकलातवाला निवडून आले. १९२३ साली हरले, १९२४ साली पुन्हा जिंकले. लिव्हरपूलचा काळा माणूस आणि मुंबईचा पारशी यांनी मिळून इंग्रज कामगारांची मतं मागितली आणि मिळवली, हे मला विलक्षण वाटतं. साम्राज्य तेव्हा पुऱ्या जोमात होतं!

ही जोडी टिकली नाही. मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांच्यात पुरती फूट पडली. १९२९ साली आर्चर मजूर पक्षाच्या अधिकृत उमेदवाराचे निवडणूक प्रतिनिधी होते, आणि त्या उमेदवारानं सकलातवालांना हरवलं. हा भाग झाकून दोघांचा गौरव करणं मला पटत नाही. दोघांनीही मैत्रीहून आपापली राजकीय निष्ठा मोठी मानली. १९३२ साली आर्चर वारले, तेव्हा बॅटर्सीच्या त्याच पालिकेत ते उपनेते होते.