मुदतीची भीती आणि आपली तयारी
(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



आज आमच्याकडे सोपविलेला विषय नवा आहे. परीक्षा म्हटली की आमच्या पिढीला घंटा आणि पुरवणीचा दोरा आठवतो. घंटा झाली की पर्यवेक्षक उत्तरपत्रिका घेऊन जात. ती पुढे पोहोचली की नाही, ही काळजी आम्हाला नव्हती. आता घरून द्यावयाच्या काही व्यावसायिक परीक्षांत ही जबाबदारी परीक्षार्थीवरच आली आहे.

आपल्या वस्तीतील एक मुलगा संगणक सुरक्षेच्या ओएससीपी या परीक्षेला बसला. अभ्यासक्रमासह शुल्क लाखाच्या वर. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढलेले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, प्रश्न सुटतील हो. पण फाइल वेळेत गेली नाही तर?" या एका विचाराने त्याची झोप उडाली होती.

आम्ही म्हणालो, "बाळा, आधी नियम वाचू." वाचल्यावर असे दिसले की मुदती दोन आहेत. प्रत्यक्ष परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची, आणि त्यानंतर अहवाल पाठविण्यास आणखी २४ तास. सोमवारी सकाळी १० ला सुरुवात केली तर परीक्षा मंगळवारी ९.४५ ला संपते आणि अहवालाची मुदत बुधवारी ९.४५ ला. म्हणजे मध्ये झोप घेण्याइतका वेळ आहे. मात्र पहिली मुदत संपताच परीक्षेच्या संगणकांशी जोडणी तुटते. त्यामुळे पुराव्याची पडद्यावरील चित्रे आणि टिपणे आधीच घेतलेली हवीत. खरी भीती बाळगायची तर ती या पहिल्या मुदतीची. एक चित्र राहिले तर दुसऱ्या दिवसाचे २४ तासही ते परत आणू शकत नाहीत.

फाइलचेही नियम आहेत. अहवाल पीडीएफमध्ये, तो सेव्हन-झिप प्रकारात बांधलेला, त्याला पासवर्ड नाही, आणि नाव ठरवून दिलेल्या नमुन्याप्रमाणेच. फाइल चढविल्यावर पडद्यावर एमडी-फाइव्ह नावाचा ३२ अक्षरांचा ठसा दिसतो. आपल्या संगणकावरील फाइलचा ठसा काढून तो जुळवायचा. जुळला की फाइल जशीच्या तशी पोहोचली असे समजावे.

असले नियम क्षुल्लक वाटतात, पण ते घात करू शकतात. मे २०२० मध्ये कोरोनामुळे अमेरिकेतील एपी परीक्षा घरून झाल्या. उत्तर लिहून झाल्यावर ते पाठविण्यास ५ मिनिटे होती. काही मुलांच्या आयफोनने छायाचित्रे एचईआयसी प्रकारात काढली होती आणि ती स्वीकारली गेली नाहीत. उत्तरे लिहूनही त्या मुलांना जूनमध्ये पुन्हा बसण्याची पाळी आली. पुढे १८ मेपासून अडचण आल्यास ई-मेलने उत्तर पाठविण्याची सोय झाली. ज्ञान कमी पडले म्हणून नव्हे, तर फाइलचा प्रकार चुकला म्हणून त्यांचे श्रम वाया गेले.

आपल्या मुलाने काय केले? अहवालाचा सांगाडा आठवडाभर आधी तयार केला. खोटी फाइल बांधून, नाव देऊन, ठसा काढून दोनदा सराव केला. शेजारच्या ताईंच्या मोबाइलवरील इंटरनेट राखीव ठेवले. आणि मुदत बुधवारी सकाळची असली तरी आपली मुदत मंगळवारी रात्री ९ ची, असे भिंतीवर लिहून ठेवले.

पहिल्या खेपेस त्याला उत्तीर्ण होण्यास लागणारे १०० पैकी ७० गुण मिळाले नाहीत. दुसऱ्या खेपेस तो उत्तीर्ण झाला. पण अहवाल दोन्ही वेळा रात्री ९ पूर्वीच गेला होता. पहिल्या अपयशानंतर तो म्हणाला, "काका, कमी पडलो ते अभ्यासात. ते भरून काढता येईल." आम्हाला ते वाक्य त्याच्या यशाइतकेच मोलाचे वाटते.

मित्रांनो, भीती वाटते यात लाज नाही. ज्याच्या घरी कर्ज काढून शुल्क भरले आहे, त्याला ती वाटणारच. पण नुसती भीती रात्र जागविते, आणि तिची यादी केली की कामे दिसू लागतात.

मंडळाच्या सभासदांना एकच विनंती. आपल्या अभ्यासिकेत एक चांगला संगणक, दुसरी इंटरनेट जोडणी आणि इन्व्हर्टर एवढे ठेवू या. अहवालाच्या दिवशी कुणाच्या घरची वीज गेली, तर त्या मुलाला धावत येण्यासाठी एक दार उघडे असले पाहिजे.