पिशव्या सांभाळणारी बाई

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या महिला गटांच्या इंदापूर इथे झालेल्या एकत्र बैठकीत एका शिक्षिका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मला विषय दिला होता 'घरकाम आणि विसावा'. मी ताईंना म्हटलं, यातल्या विसाव्याचं मला काही कळत नाही. पण आमच्या घरी दिवाळीच्या आधी सहलीवरून जे भांडण झालं ते सांगितलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, तेच सांग. म्हणून सांगते.

मी इंदापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, राहायला बारामतीत. घरात पाच माणसं. मी, माझा नवरा, दहावीतला मुलगा, पाचवीतली मुलगी आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना शहात्तरावं चालू आहे. नवरा साखर कारखान्यात कारकून आहे. 'आमचे हे' म्हणायची सवय गटात आल्यावर सुटली, पण नाव घेऊन हाक मारायचं धाडस अजून झालेलं नाही. हसा, हसा. तुमच्यातल्या किती जणी मारतात?

तर माझी दोन वर्षांची भिशी उचलायला आली. मी घरात म्हटलं, या पैशातून कुठंतरी जाऊन येऊ. एवढंच म्हटलं. पुढचं सगळं बाकीच्यांनीच ठरवायला घेतलं. मुलगा म्हणाला, थीम पार्क. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका निघालं, तेव्हापासून आमच्याकडच्या शाळा-कॉलेजांतल्या पोरांच्या डोक्यात तेच असतं. आमच्या पिढीला हे नाव एस्सेल वर्ल्डचं होतं. १९८९ मध्ये गोराईला सुरू झालेलं, तिथं जायला आधी होडीत बसावं लागायचं. आता ते बंद झालं. नवऱ्याच्या मनात वेगळंच. त्याच्या ऑफिसातले एक साहेब मुंबईहून गोव्याला जहाजाने जाऊन आलेले. तेव्हापासून त्याला क्रूझ पाहिजे. दीर बारामतीतच वेगळे राहतात, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. ते म्हणाले, जहाज नको, २०२१ साली टीव्हीवर त्या जहाजावरच्या धाडीचं दिवसदिवस दाखवत होते, आठवत नाही का? तीन दिवस आमच्या घरात रोलर कोस्टर मोठा की समुद्र मोठा याच्यावर वाद. पैसे माझे, हे कुणाच्या लक्षातच नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

चौथ्या दिवशी मुलीने विचारलं, "आई, तुला काय आवडेल?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. मी तिला म्हटलं, "तुम्हाला आवडेल ते." ती म्हणाली, "ते नाही विचारलं मी."

त्या रात्री मला चार वर्षांपूर्वीची सहल आठवली. आम्ही नि दिरांचं कुटुंब मिळून एका वॉटर पार्कला गेलो होतो. जाऊबाई आणि मी पहाटे तीनला उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, बटाट्याची कोरडी भाजी केली. गेटवर कळलं की बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. मग दुपारी आम्ही दोघी बाहेर येऊन गाडीत बसून दशम्या खाल्ल्या, कारण फेकवतात थोड्याच! बाकीचे आत वडापाव खात होते. पाण्यात उतरायचं तर अंगाला चिकटणारे नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यायचे. जाऊबाई माझ्याकडे बघतायत, मी जाऊबाईंकडे. भावजी म्हणाले, "तुम्हाला कशाला भिजायचंय? इथं सामान सांभाळायला कुणीतरी पाहिजेच की." झालं. सहा पिशव्या, सगळ्यांचे मोबाईल, आत्यांच्या गोळ्या आणि आम्ही दोघी. कोण दमलं, कोण हरवलं, कुणाला बाथरूमला न्यायचंय, सगळं आमच्याकडे. घरी आल्यावर ओले कपडे धुवायला रात्रीचे बारा. दुसऱ्या दिवशी शाळा. त्या सहलीचे एकशेचाळीस फोटो आहेत. मी एका फोटोत आहे. पिशव्यांच्या मागे.

म्हणून मी पाचव्या दिवशी शाळेची एक जुनी वही घेतली. डाव्या पानावर लिहिलं पार्क, उजव्या पानावर जहाज. खाली कामं लिहिली. पहाटे कोण उठणार? डबा कोण करणार? बॅगा कोण भरणार? पोरांच्या मागे कोण? आत्यांना हाताला धरून कोण नेणार? गोळ्या कोण मोजणार? परत आल्यावर कपडे कोण धुणार? आणि प्रत्येक कामापुढे नाव. दोन्ही पानांवर एकच नाव येत होतं. फरक एवढाच, की पार्कचं पान भरून खाली आलं आणि जहाजाचं अर्ध्यावर थांबलं. जहाजावर स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, अंथरुणं घालायची नाहीत, आणि पोरं पळून पळून जाणार कुठं?

वही मी जेवताना सगळ्यांच्या मध्ये ठेवली. नवरा म्हणाला, "सहलीचा पण हिशोब मांडायचा का आता?" मी म्हटलं, हिशोब आधीपासून होताच, फक्त माझ्या अंगावर लिहिलेला होता, आज वहीत लिहिला.

सरकारनेही हा हिशोब मांडलाय, माहीत आहे का? २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांत जे हे काम करतात त्यांची ९७ मिनिटं. कारखान्याच्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळाली. त्या हिशोबाने माझ्या सासूबाईंच्या साठ वर्षांच्या स्वयंपाकाची किती रजा शिल्लक असेल? मी गणिताची बाई आहे, पण हे गणित मी घातलं नाही, रडू आलं असतं.

तर ठरलं जहाज. मी तीन अटी घातल्या. प्रत्येकाने आपली बॅग आपण भरायची. आत्यांच्या गोळ्या बापलेकांनी बघायच्या. आणि जहाजावर मला "अगं, माझा तो शर्ट कुठंय" असं कुणी विचारायचं नाही.

खरी अडचण आत्यांची होती. "पाण्यावर मी यायची नाही," म्हणाल्या. त्यांचं माहेर उजनीत गेलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. घर, चिंचेचं झाड, आईने घासलेला उंबरा, सगळं पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी आटलं की पळसदेवाचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा लोक फोटो काढायला जातात, आत्या जात नाहीत. त्यात २०२४ च्या मे महिन्यातलं कुगाव-कळाशीचं तुम्हाला सांगायला नकोच. २१ तारखेची संध्याकाळ, वादळ सुटलं, होडी उलटली, सहा जीव गेले. लहान लेकरं होती त्यात. आपल्याकडे होडी म्हणजे मजा नाही, बायांनो, पलीकडे जायचा रस्ता आहे. पूल नाही म्हणून होडी. आत्या म्हणाल्या, "ज्यांना सक्ती आहे ते बसतात. तुम्ही पैसे देऊन बसणार?"

त्यांना समजावलं ते मुलीने. ती म्हणाली, "आजी, तू नाही आलीस तर तुझ्याजवळ थांबायला आत्तूला बोलवावं लागेल. मग तिची सुट्टी गेली." आत्या गप्प बसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं लुगडं इस्त्रीला दिलं.

मुंबईपर्यंत एसटीने गेलो. आत्यांना पंचाहत्तर पूर्ण म्हणून तिकीट नाही, मला २०२३ पासून बायकांना आहे तसं अर्धं, मुलीचं लहान म्हणून अर्धं. पूर्ण तिकीट फक्त बापलेकांचं. कंडक्टरने हिशोब सांगितला तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

जहाजावर चढल्यावर आधी सगळ्यांना लाईफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात, कुठं जमायचं ते सांगतात. ते झाल्याशिवाय मजा सुरू नाही. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं आणि ३२ माणसं गेली, त्यानंतर हा नियम आणखी कडक झाला. आत्यांनी ते जॅकेट हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "केवढ्याला येतं गं हे?" मला विचारलं. आणि मग, "त्या होडीत असती तर?" मला काही बोलता आलं नाही.

पहिल्याच रात्री कळलं की आत्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्या. बापाला वाटलं मुलाने घेतल्या, मुलाला वाटलं बापाने. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्या म्हणाल्या, "हिनं भरल्या असत्या तर राहिल्या नसत्या." आणि खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. चूक त्यांची, आणि अपराधी मी! आपल्याला हे इतकं आतपर्यंत शिकवलेलं आहे. मी उठणारच होते, पण बसून राहिले. कठीण गेलं. नवरा खाली जहाजाच्या डॉक्टरांकडे गेला, नाव-वय सांगताना त्याला गोळीचं नाव माहीत नव्हतं. त्याने मला फोन लावला. मी म्हटलं, मुलाला विचार, त्याने एकदा आणल्या होत्या. वीस मिनिटं लागली, पण गोळी मिळाली. आता ते नाव त्याला पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरच्या डेकवर एकटी बसले. तीन तास. पहिला तास मी सारखी दचकत होते, कुणीतरी हाक मारली असं वाटायचं. दुसऱ्या तासाला हाक येईनाशी झाली. तिसऱ्या तासात काय झालं ते मला सांगता येत नाही, कारण काहीच झालं नाही. समुद्र होता. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यात असा तिसरा तास मला मिळाला नव्हता.

पण गोष्ट इथं संपवली तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. आमची खोली झाडायला, चादरी बदलायला एक मुलगी यायची. ईशान्येकडची. तिचं तीन वर्षांचं लेकरू आईकडे ठेवलेलं. माझा विसावा तिच्या हातांवर चालला होता. तिच्याशी बोलताना एक कळलं आणि घरी येऊन मी ते नीट शोधून वाचलं. जहाजावर काम करणाऱ्यांसाठी २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, आपल्या देशाने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात लिहिलंय, चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्यात किमान ७७ तास. खरंच मिळते का, असं मी तिला विचारलं तर ती नुसती हसली. पण निदान लिहिलेलं तरी आहे. कमी मिळाली तर बोट ठेवून दाखवायला ओळ आहे.

माझ्या शाळेच्या मागच्या माळावर दरवर्षी गाळप सुरू झालं की ऊसतोडीच्या कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचल नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे सगळ्यांच्या आधी उठते, भाकरी करते, मग फडात जाते, मोळ्या डोक्यावर वाहते, परत येऊन पुन्हा चूल. तिच्या विसाव्याची ओळ कुठल्या कागदावर आहे? ती वर्षातले पाच-सहा महिने घराबाहेर असते, पण तिला कुणी सहल म्हणत नाही. जहाजाचं मी सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मास्तरीणबाईंची चैन." ऐकलं मी. खरंच आहे. त्या दोन रात्रींना माझा एका पगाराहून जास्त पैसा गेला. तुम्ही सगळ्यांनी जहाजाने जावं असं मी म्हणत नाही, पुन्हा मीसुद्धा जाईन असं नाही. मी फक्त वही घेऊन आले आहे. यात्रा असो, लग्न असो, जेजुरीला जायचं असो, ती दोन पानं आधी घालून बघा, एवढं माझं म्हणणं.

आता कामाचं. आमच्या गटाने ठरवलंय, जानेवारीत एक दिवस कुंभारगावला जायचं. भिगवणपासून जवळ आहे, रोहित आलेले असतात तेव्हा. फक्त बायका. एसटीने अर्ध्या तिकिटात. डबा कुणीही आणायचा नाही, जेवण तिथल्याच बायकांकडे पैसे देऊन सांगायचं, आणि भाव करायचा नाही. जितकी माणसं तितकी लाईफ जॅकेटं असल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही, नावाडी काहीही म्हणू दे. माळावरच्या दोघी कोपीवाल्यांना मी विचारलंय, मुकादमाशी खाड्याचं बोलणं चालू आहे, त्यांचा बुडालेला रोज गट भरणार आहे. आत्यांनी नाव दिलंय. त्या पाण्याखाली त्यांचं माहेर आहे, त्या म्हणाल्या, एकदा वरून बघते.

वही ताईंकडे ठेवते आहे. नाव लिहाल तेव्हा शेजारी एक रकाना आहे, त्या दिवशी घरी पोरं आणि म्हातारी माणसं कोण बघणार. त्यात नणंदेचं, जावेचं किंवा मोठ्या मुलीचं नाव चालणार नाही.