कॉम्प्युटरची पेटी उघडून बघा

हल्ली गटाचे, ग्रामसंघाचे हिशेब कॉम्प्युटरवर ठेवायला सुरुवात झाली आहे. कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की आपण दुकानात रॅम किती, हार्डडिस्क किती हे विचारतो. पण हे सगळं ज्या पेटीत बसतं, तिच्याकडे कुणी नीट बघत नाही. तिला आपण ‘सीपीयू’ म्हणतो. खरं तर सीपीयू म्हणजे आतली जेमतेम काड्यापेटीएवढी चिप. बाहेरची पेटी म्हणजे कॅबिनेट.

माठ घेताना आपण तो वाजवून बघतो. तसंच कॅबिनेट उघडून बघायचं.

पहिली गोष्ट हवा. आतले भाग तापतात. समोरून थंड हवा आत यावी आणि मागून गरम हवा बाहेर जावी. म्हणून समोर जाळी हवी आणि मागे पंखा हवा. समोरून काच लावलेल्या, रंगीत दिव्यांच्या पेट्या दिसतात छान. पण हवेला वाट नसेल तर आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात आतले भाग भाजून निघतात. दिव्यांचे पैसे वाचवा, पंख्याला द्या.

दुसरी गोष्ट धूळ. कुणाचं ऑफिस रस्त्याला लागून असतं, कुणाचं पिठाच्या गिरणीशेजारी. म्हणून जाळीमागची गाळणी हाताने काढता येते का, ते बघा. महिन्यातून एकदा ती धुवायची आणि पूर्ण वाळली की मगच बसवायची. मागच्या मोकळ्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या आहेत ना, हेही बघा. नाहीतर पाल आणि झुरळं आत घर करतात.

तिसरी गोष्ट वीज. स्वस्त पेटीबरोबर पुष्कळदा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, आधीच बसवलेला असतो. त्याची कंपनी आणि वॉरंटी बिलावर वेगळी लिहून घ्या. पेटीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर बहुतेक वेळा अर्थिंग नसतं. प्लगची जाड पिन अर्थिंगची असते. ती कधीच तोडू नका. वायरमनला बोलवा.

चौथी गोष्ट माप. मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ मिलिमीटर चौरस असतो, तर एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४. मोठ्या पेटीत सहसा दोन्ही बसतात. पुढे बोर्ड बदलला तरी पेटी तीच चालते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाजूचं झाकण हाताने फिरणाऱ्या स्क्रूने उघडतं का? आतल्या पत्र्याची धार दुमडलेली आहे का? ‘ताई, तुम्ही हात लावू नका’ असं कुणी म्हणालं, तर विचारा, ‘मग धूळ कोण काढणार?’ झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, हेही लिहून घ्या. साफ करताना आधी प्लग काढायचा, मग मऊ ब्रश घ्यायचा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं.

घरी आणल्यावर पेटी जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आणि आपण हौसेने विणलेलं कव्हर? ते मशीन बंद करून गार झाल्यावरच घाला.

मैत्रिणींनो, पै-पै जमवलेल्या बचतीचा हिशेब त्या पेटीत असणार आहे. खरेदीला दोघीजणी जा, आणि झाकण उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.