क्षयरोगाच्या उपचारांची पारख

फुप्फुसाचा क्षयरोग हा चढउतारांचा आजार आहे. संध्याकाळचा ताप महिना-दोन महिने अंगात राहतो आणि कधी कधी आपणहून ओसरतो. खोकल्यातून रक्त पडते, थांबते, पुन्हा पडते. उतरलेले वजन मध्येच थोडे भरून येते. औषधे निघण्यापूर्वी, बेडक्यात जंतू सापडलेले सुमारे निम्मे रुग्ण पाच वर्षांच्या आत दगावत. पण काही जण कोणत्याही औषधाशिवाय बरेही होत. कोण कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगता येत नसे. उपचारांची पारख करण्यातली मुख्य अडचण हीच होती. आजार ओसरण्याच्या बेतात असताना जे काही दिले जाई त्याला गुण आल्याचे श्रेय मिळे. दहा जणांवर एक उपचार केला आणि त्यांतले तीन बरे झाले, तर ते उपचाराने बरे झाले की एरवीही झाले असते, हे कळायला मार्ग नसे.

सोन्याच्या क्षारांची कथा या अडचणीतूनच घडली. 1924 पासून डेन्मार्कमध्ये सॅनोक्रायसिन नावाचे सोन्याचे संयुग क्षयरोग्यांना टोचले जाऊ लागले आणि त्याची कीर्ती युरोपभर पसरली. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका आरोग्यधामात डॉ. जे. बर्न्स अँबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पारख वेगळ्या रीतीने केली. आजाराची अवस्था सारखी असलेल्या 24 रुग्णांचे त्यांनी बारा-बाराचे दोन गट केले आणि सोने कोणत्या गटाला द्यायचे हे नाणे उडवून ठरवले. दुसऱ्या गटालाही इंजेक्शने दिली, पण त्यांत औषध नव्हते. 1931 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोन्याचा फायदा दिसला नाही, अपाय मात्र दिसला. जे औषध अनेक नामांकित डॉक्टर विश्वासाने देत होते, ते साध्या तुलनेपुढे टिकले नाही.

ब्रिटनची चाचणी

1943 मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ यांना मातीतल्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयाच्या जंतूंवर मात करणारे हे पहिले परिणामकारक औषध. महायुद्धाने खंगलेल्या ब्रिटनकडे ते आयात करायला पुरेसे डॉलर नव्हते. मिळालेला साठा मोजक्या रुग्णांनाच पुरला असता. मेडिकल रिसर्च कौन्सिलने या टंचाईतूनच मार्ग काढला. औषध सर्वांना देणे अशक्य असल्यामुळे काहींना ते न देता तुलना करणे न्याय्य ठरत होते.

चाचणीची आखणी संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची होती. दोन्ही फुप्फुसांत वेगाने पसरणारा, नुकताच सुरू झालेला क्षय असलेले 15 ते 30 वयाचे 107 रुग्ण निवडले गेले. 55 जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. 52 जणांना फक्त विश्रांती, कारण त्या काळचा या अवस्थेवरचा रूढ उपचार तोच होता. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. हिल यांनी यादृच्छिक अंकांच्या कोष्टकावरून, म्हणजे कोणताही क्रम वा कल नसलेल्या अंकांवरून, वाटप आधीच ठरवले होते आणि ते क्रमांक घातलेल्या बंद पाकिटांत ठेवले होते. रुग्ण चाचणीस योग्य आहे असे समितीने ठरवल्यानंतरच त्याच्या क्रमांकाचे पाकीट मध्यवर्ती कार्यालयात उघडले जाई. त्यामुळे धडधाकट दिसणारा रुग्ण औषधाच्या गटात घालण्याचा मोह कोणाला झाला तरी तसे करता येत नसे.

मोजणीतही हीच दक्षता होती. प्रत्येक रुग्णाचे एक्स-रे दोन क्ष-किरणतज्ज्ञ आणि एक चिकित्सक स्वतंत्रपणे पाहत, आणि समोरचे चित्र कोणत्या गटातल्या रुग्णाचे आहे हे त्यांना ठाऊक नसे. सुधारणा दिसावी अशी इच्छा असली की फिकट डागही आणखी फिकट वाटू लागतो. तो धोका या पद्धतीने टळला. सहा महिन्यांनंतर औषधाच्या गटातले 4 रुग्ण दगावले होते, तुलनागटातले 14. एक्स-रेत लक्षणीय सुधारणा औषधाच्या गटात 51 टक्के रुग्णांत दिसली, तर तुलनागटात 8 टक्के रुग्णांत. ऑक्टोबर 1948 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा अहवाल आला आणि पुढच्या काळातल्या औषधचाचण्यांना त्याने वळण दिले.

याच वर्षी ख्यातनाम लेखक जॉर्ज ऑरवेल यांना स्कॉटलंडमधल्या रुग्णालयात चाचणीबाहेर, खास अमेरिकेहून मागवलेले स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. औषधाची तीव्र प्रतिक्रिया उठून त्यांची कातडी सोलून निघाली, नखे झडली आणि उपचार थांबवावा लागला. जानेवारी 1950 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या एकट्याच्या अनुभवावरून औषध निरुपयोगी ठरले असते. एखादा रुग्ण झपाट्याने सुधारला असता, तर तेच औषध रामबाण ठरले असते. दोन्ही निवाडे चुकीचे ठरले असते.

सहा महिने आणि पाच वर्षे

या चाचणीची खरी शिकवण तिच्या पाठपुराव्यात होती. औषध घेणाऱ्या अनेक रुग्णांच्या बेडक्यातले जंतू पहिल्या काही महिन्यांतच स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले. औषधाने दुबळे जंतू मेले आणि त्याला न जुमानणारे थोडे जंतू मागे उरून वाढले. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा औषधाच्या गटातले 58 टक्के आणि तुलनागटातले 67 टक्के रुग्ण दगावले होते. सहा महिन्यांचे घवघवीत यश बरेचसे वाहून गेले होते. गंभीर आजारावरच्या उपचाराचे मोल पहिल्या सुधारणेवरून ठरवता येत नाही, हे यातून कळले.

मेडिकल रिसर्च कौन्सिलने पुढच्याच चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनला पॅराअमिनोसॅलिसिलिक ॲसिड, म्हणजे पास, या औषधाची जोड दिली. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. दाद न देणाऱ्या जंतूंचे प्रमाण एकदम खाली आले. 1952 मध्ये आयसोनियाझिड हे स्वस्त आणि प्रभावी औषध हाती आल्यावर औषधांच्या जोडीने क्षय पूर्ण बरा होऊ लागला. क्षयावर एकटे औषध देऊ नये हा आजचा नियम या दोन चाचण्यांच्या तुलनेतून जन्मला.

मद्रासचा प्रश्न

भारतापुढचा प्रश्न निराळा होता. 1955 ते 1958 या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीवरून देशात सुमारे 15 लाख संसर्गजन्य क्षयरोगी असावेत असा अंदाज निघाला, आणि खाटा होत्या काही हजार. आरोग्यधामातच क्षय बरा होतो ही समजूत मात्र पक्की होती. मोकळी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती आणि घरच्यांपासून दूर राहणे, हा उपचाराचा गाभा मानला जाई. महाराष्ट्रात मिरजेजवळ वान्लेसवाडीला असे आरोग्यधाम होते. पण बहुसंख्य गरिबांना तशी खाट मिळणे शक्यच नव्हते.

1956 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र उभारले. ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख. केंद्राने शहरातल्या गरीब वस्त्यांतले 193 रुग्ण घेतले आणि यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडले. एका गटाला वर्षभर आरोग्यधामात ठेवले, दुसरा घरीच राहिला. औषधे दोघांनाही तीच होती, आयसोनियाझिड आणि पास. आरोग्यधामातल्या रुग्णांना उत्तम आहार आणि विश्रांती मिळत होती. घरचे रुग्ण दाटीवाटीच्या खोल्यांत राहत, कमी आणि निकस खात, आणि अनेकांना कामही करावे लागे.

घरी राहणारा रुग्ण गोळ्या खरोखर घेतो का, यावर सारे अवलंबून होते. केंद्राचे कर्मचारी न कळवता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवीचा नमुना घेऊन त्यात औषधाचा अंश आहे का ते तपासत. औषध लिहून देणे आणि औषध पोटात जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इथे पद्धतशीरपणे मोजले गेले. याच केंद्राने पुढे डोळ्यांदेखत, ठरावीक दिवशी औषध देण्याचे प्रयोग केले. जगभर राबवल्या गेलेल्या डॉट्स पद्धतीचे एक मूळ तिथे आहे.

1959 मध्ये निष्कर्ष आले. वर्षअखेर आरोग्यधामातल्या 92 टक्के आणि घरच्या 86 टक्के रुग्णांचा आजार जंतुतपासणीनुसार शांत झाला होता. पाच वर्षांच्या पाठपुराव्यातही आरोग्यधामाची सरशी दिसली नाही. घरच्यांना संसर्ग होईल ही भीतीही तपासली गेली. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांत क्षयाचे प्रमाण अधिक निघाले नाही, कारण मुख्य धोका निदान होण्यापूर्वीच्या महिन्यांत असतो आणि औषध सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने घटते. जगभरची आरोग्यधामे ओस पडण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. गरीब देशातल्या गरीब रुग्णांवर झालेल्या या काटेकोर संशोधनाने श्रीमंत देशांतलीही उपचारपद्धती बदलली. भारतीय वैद्यकाने अभिमान बाळगावा असे हे काम आहे. ते केंद्र आज चेन्नईत राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून चालते.

गुण आणि अपाय

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाने अलीकडच्या दशकांत पुन्हा आव्हान उभे केले, आणि मुंबईला त्याची झळ विशेष बसली. दक्षिण आफ्रिकेतल्या निक्स-टीबी अभ्यासात अशा अतिशय चिवट क्षयाच्या 109 रुग्णांना बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड ही तीन औषधे साधारण सहा महिने दिली गेली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार 90 टक्के रुग्णांना गुण आला. या अभ्यासात तुलनागट नव्हता; पण आधीच्या उपचारांत अशा रुग्णांपैकी फार थोडे वाचत, त्यामुळे फरक डोळ्यांत भरणारा होता. त्याच अहवालाची दुसरी बाजू अशी की 81 टक्के रुग्णांना हातापायांत मुंग्या येणे, बधिरपणा, आग होणे असा मज्जातंतूंचा त्रास झाला.

म्हणून झेनिक्स ही पुढची चाचणी झाली. तिच्यात लिनेझोलिडची मात्रा आणि मुदत बदलून चार गटांची तुलना केली. दररोज 1200 ऐवजी 600 मिलिग्रॅम, 26 आठवडे, या मात्रेने गुण येण्याचे प्रमाण 91 टक्के राहिले आणि मज्जातंतूंचा त्रास 24 टक्क्यांवर आला. जीव वाचवणारे औषधही किती द्यावे हे मोजूनच ठरवावे लागते, आणि अपायाची नोंद गुणाइतक्याच निष्ठेने ठेवावी लागते. भारत सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये या तीन औषधांना मॉक्सिफ्लोक्सॅसिनची जोड असलेली उपचारपद्धती राष्ट्रीय कार्यक्रमासाठी मंजूर केली.

अन्नाची चाचणी

मद्रासच्या अभ्यासातून आहार गौण आहे असा अर्थ अनेकांनी काढला. अभ्यासाने तसे म्हटलेले नव्हते. चांगली औषधे नियमित मिळाली तर निकस आहारातही जंतू नष्ट होतात, एवढेच त्याने दाखवले होते. भुकेमुळे क्षय होतो का, आणि अन्नाने तो टळतो का, हे प्रश्न त्यात विचारलेच नव्हते.

ते प्रश्न झारखंडमधल्या ‘रेशन्स’ चाचणीने विचारले. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी 2019 ते 2022 या काळात 2,800 क्षयरोग्यांच्या घरच्या 10,345 माणसांचा अभ्यास केला. सर्व रुग्णांना दरमहा शिधा मिळाला. घरच्या माणसांना मात्र निम्म्या क्षयरोग पथकांच्या भागांतच तो मिळाला: मोठ्या माणसामागे महिन्याला 5 किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. कोणत्या भागाला हे मिळणार, ते इथेही यादृच्छिक पद्धतीने ठरले. ज्या घरांत फक्त रुग्णालाच शिधा मिळाला तिथल्या 2.6 टक्के माणसांना पुढे क्षय झाला. सर्वांना शिधा मिळाला तिथे 1.7 टक्के माणसांना. गटांमधले इतर फरक जमेस धरता क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. भुकेल्या घरात तांदूळ-डाळ हे क्षयाचे प्रतिबंधक औषध ठरले.

रुग्णांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन 5 टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी होता. शिधा सर्वच रुग्णांना मिळाला असल्यामुळे हे अन्नाच्या परिणामाचे थेट मोजमाप नव्हे. पण कोणता रुग्ण धोक्यात आहे हे ओळखायला साधा वजनकाटा पुरतो, हे त्याने दाखवले. खेड्यातल्या उपकेंद्रातही तो असतो. क्षयरोग्यांना पोषणासाठी दरमहा मिळणारी सरकारी मदत 2018 मध्ये 500 रुपये होती. 2024 मध्ये ती 1,000 रुपये झाली.

रुग्णाचा हक्क

1948 च्या चाचणीत तुलनागटातल्या रुग्णांना आपण चाचणीत आहोत याची कल्पनाही नव्हती. आज असे करणे हा गुन्हा ठरेल. भारतात 2019 च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि रुग्णाला त्याच्या भाषेत सारे समजावून त्याची लेखी संमती घ्यावी लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई देणे बंधनकारक आहे. 2009 पासून अशी चाचणी सुरू होण्याआधी राष्ट्रीय नोंदवहीत, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियात, नोंदवावी लागते. काय मोजणार आणि किती काळ मोजणार हे तिथे आधीच जाहीर होते, त्यामुळे निकाल मनासारखा आला नाही म्हणून मोजमाप बदलले तर ते उघडे पडते.

वर आलेल्या प्रत्येक चाचणीत आजारी माणसांनी, पुष्कळदा अत्यंत गरीब माणसांनी, आपले शरीर आणि आपला वेळ दिला. त्यांचे संशोधनावर ऋण आहे. तुलना प्रामाणिक असावी, मोजणी निःपक्षपाती असावी, पाठपुरावा पुरेसा लांब असावा, अपाय लपवू नयेत आणि निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध व्हावा: ते ऋण फेडण्याची रीत एवढीच आहे.